डब्यात काय आहे?

आमच्या घराजवळ हमरस्त्याला लागून गाड्या धुण्याचं एक वॉशिंग सेंटर आहे. दोन रॅम्प, एक सिमेंटची टाकी आणि कोपऱ्यात धडधडणारा पंप, एवढाच पसारा. सकाळी फिरून परत येताना मी तिथे पाच-दहा मिनिटं उभा राहतो. तीसेक वर्षं कारखान्यांमध्ये सुरक्षा अधिकारी म्हणून काढली, त्यामुळे कुठे काही काम चाललेलं दिसलं की पाय आपोआप थबकतात. दोन पोरं आहेत. एकाच्या हातात प्रेशरची गन, दुसरा निळ्या कॅनमधून मगमध्ये काहीतरी ओततो, बादलीत पाणी घालून हातानंच ढवळतो आणि ब्रशनं ट्रकच्या चाकांवर मारतो. पायात रबरी स्लिपर. दोन मिनिटांत पांढरा फेस येतो, मग पाण्याचा फवारा बसतो आणि काळंकुट्ट झालेलं ॲल्युमिनियम आरशासारखं चमकायला लागतं.

एके दिवशी न राहवून मी विचारलं, "यात काय असतं रे?"

"लिक्विड आहे काका."

"कसलं लिक्विड?"

"चाकाचं."

त्यानं कॅन फिरवून दाखवला. लेबल निम्मं निघालेलं. उरलेल्या अर्ध्यावर चमकणाऱ्या ट्रकचं चित्र. पोरगा काही लपवत नव्हता. त्याला जेवढं सांगितलं गेलं होतं, तेवढंच तो मला सांगत होता.

डब्यात काय आहे, हा प्रश्न दिसायला साधा आहे. पण काम करणाऱ्या माणसाला तो विचारण्याचा आणि त्याचं लेखी उत्तर मिळवण्याचा हक्क मिळायला फार वर्षं लागली. त्या वर्षांची गोष्ट मला आज सांगायची आहे.

सुरुवात करावी लागते ती इटलीतल्या मोडेना शहरापासून. तिथे बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे वैद्य होते. त्यांच्या घरचा मैलाखड्डा साफ करायला एक माणूस आला होता. तो भयंकर घाईघाईनं काम करताना पाहून रामाझ्झिनींनी विचारलं, बाबा रे, एवढी घाई कशाला? त्यावर तो म्हणाला, इथे तीन-चार तासांपेक्षा जास्त वेळ थांबलं तर माणूस आंधळा होतो. रामाझ्झिनींनी ही गोष्ट सोडून दिली नाही. शहरातल्या अशा सफाई कामगारांचे डोळे त्यांनी पाहिले, मग एकामागून एक धंदे पाहिले, आणि १७०० साली कामगारांच्या रोगांवरचं त्यांचं प्रसिद्ध पुस्तक बाहेर पडलं. वैद्यानं रोग्याला जे प्रश्न विचारायचे, त्यात त्यांनी एका प्रश्नाची भर घातली: तुम्ही काम काय करता? व्यवसायजन्य रोगांचं सगळं शास्त्र या प्रश्नावर उभं राहिलं. आणि त्या शास्त्राच्या मुळाशी एक साफसफाई करणारा माणूस आहे, हे आपण सहसा विसरतो.

तरीही रामाझ्झिनींच्या काळात "डब्यात काय आहे" असं विचारायची फारशी वेळ येत नसे. परिटाला आपला खार ठाऊक होता, रंगाऱ्याला आपली तुरटी ठाऊक होती, चुनेवाल्याला चुना. पदार्थ घातक असेल, पण तो ओळखीचा असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हे चित्र बदलू लागलं. स्वीडनच्या शीलनं १७७४ मध्ये क्लोरीन वायू तयार केला, फ्रान्समध्ये बर्थोलेनं त्याचा उपयोग कापड पांढरं करायला होतो हे दाखवलं, आणि १७९९ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटनं ब्लीचिंग पावडरचं पेटंट घेतलं. जे काम उन्हात अंथरलेल्या कापडाला आठवडे घेत असे, ते आता पिंपातल्या एका भुकटीनं होऊ लागलं. भुकटी कारखान्यात बनायची आणि वापरायचा दुसराच कोणी, दूरच्या गावी. बनवणारा आणि वापरणारा यांच्यात अंतर पडलं ते तेव्हापासून. विसाव्या शतकात त्या अंतरात आणखी एक गोष्ट येऊन बसली, ती म्हणजे व्यापारी नाव. आता दुकानातून ॲसिड किंवा कॉस्टिक येईना, 'सुपर' काहीतरी किंवा 'ब्राइट' काहीतरी येऊ लागलं. डब्यावर नाव होतं, पण त्या नावावरून आतलं कळत नव्हतं.

याच सुमारास धुण्याच्या कामात यंत्र आलं. जर्मनीच्या आल्फ्रेड केर्शर यांनी १९५० साली युरोपातलं पहिलं गरम पाण्याचं उच्च दाबाचं धुलाई यंत्र बाजारात आणलं. आज आपल्याकडे ज्याला नुसतं 'प्रेशर' किंवा 'जेट' म्हणतात, ती त्याचीच पिल्लावळ. मेहनत वाचली, वेळ वाचला, हे खरंच. पण यंत्रानं एक गोष्ट बदलली, ती तेव्हा फारशी कुणाच्या ध्यानात आली नाही. ब्रशनं लावलेलं रसायन हातावर उडतं. तेच प्रेशरच्या तोंडी सापडलं की त्याचं धुकं होतं. ते धुकं डोळ्यांत जातं, श्वासात जातं, शेजारी उभ्या असलेल्या माणसापर्यंत जातं.

नुसत्या पाण्याचं धुकंसुद्धा काय करू शकतं, याचा धडा १९६९ च्या डिसेंबरमध्ये मिळाला. खनिज तेल वाहणाऱ्या प्रचंड जहाजांच्या टाक्या रिकाम्या झाल्या की दाबाच्या पाण्यानं धुतात. त्या एकाच महिन्यात मार्पेसा, मॅक्ट्रा आणि काँग हाकोन सातवा या तीन महाकाय जहाजांवर टाक्या धुताना स्फोट झाले. मार्पेसा तर जवळजवळ नवं कोरं जहाज, ते आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ बुडालं. त्यानंतर झालेल्या संशोधनात दिसलं, की जोरदार फवाऱ्यानं टाकीत जे पाण्याचं धुकं तयार होतं, त्यात स्थिर विद्युतभार साठतो आणि तेलाच्या वाफांना पेटवायला त्याची एक ठिणगी पुरे होते. पाण्यालाही माहितीपत्रक लागतं असं तोवर कुणी म्हटलं असतं, तर लोक हसले असते. पुढे अशा टाक्यांमध्ये धुण्यापूर्वी निष्क्रिय वायू भरण्याचा नियम झाला.

योगायोग असा, की ज्या कागदाची ही गोष्ट आहे त्याचा सरकारी जन्मही त्याच सुमारास आणि जहाजांच्याच धंद्यात झाला. अमेरिकेत बंदर कामगारांच्या कायद्यात १९५८ साली दुरुस्ती होऊन त्यांच्या सुरक्षेचे नियम करण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला होता. जहाज बांधणारे, दुरुस्त करणारे आणि तोडणारे कामगार बंदिस्त टाक्यांत उतरून रंग, द्रावकं आणि साफसफाईची रसायनं वापरायचे. आत हवा नाही, आणि हातातल्या डब्यात काय आहे याचा पत्ता नाही. म्हणून साठच्या दशकाच्या शेवटी तिथल्या श्रम खात्यानं एक फॉर्म ठरवून दिला. पदार्थाचं नाव, त्यातले घटक, तो किती तापमानाला पेटतो, अंगावर पडला तर काय होतं, सांडला तर काय करायचं, कोणते हातमोजे आणि कोणता मुखवटा वापरायचा. दोन पानांचा कागद. १९७० मध्ये कामगार सुरक्षेचा सर्वसाधारण कायदा झाला, ओशा ही यंत्रणा उभी राहिली आणि थोड्याफार फरकानं तोच फॉर्म पुढे चालू राहिला. रासायनिक उद्योगांच्या संघटना अशी पत्रकं आधीपासून काढत होत्या, पण ती इंजिनियरांसाठी होती. डबा हातात धरणाऱ्याचा विचार करणारा सरकारी कागद हा पहिला.

मात्र तो जहाजांपुरताच होता. बाकीच्यांनी काय करायचं? कॅलिफोर्नियात लॅथ्रॉप गावच्या एका कीटकनाशकांच्या कारखान्यातले कामगार १९७७ साली आपापसांत बोलू लागले, की आपल्यापैकी कुणालाच मूल का होत नाही? तपासणी झाली आणि अनेकांचं वंध्यत्व सिद्ध झालं. कारण होतं डीबीसीपी नावाचं रसायन. चीड आणणारी गोष्ट पुढेच आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत या रसायनानं वृषणांना इजा होते, हे १९६१ मध्येच छापून आलेलं होतं. ज्ञान होतं, कागदावर होतं, पण ज्यांच्या अंगावर ते पडत होतं त्यांच्यापर्यंत सोळा वर्षांत पोहोचलं नव्हतं.

मग 'जाणून घेण्याचा हक्क' ही घोषणा अमेरिकेत उठली. फिलाडेल्फिया शहरानं १९८१ च्या सुरुवातीला तसा कायदा केला. त्याच जानेवारीत केंद्र सरकारनं लेबलांविषयीचा मसुदा काढला, महिन्याभरात नवं सरकार आलं आणि त्यानं तो मागे घेतला. पण राज्याराज्यांत आणि शहराशहरांत वेगवेगळे कायदे होऊ लागल्यावर खुद्द उद्योगांनाच वाटायला लागलं, की याच्यापेक्षा देशभर एकच नियम बरा. असा तो नियम नोव्हेंबर १९८३ मध्ये आला. प्रत्येक डब्यावर लेबल, प्रत्येक घातक रसायनाचं माहितीपत्रक, आणि कामगारांना ते समजावून सांगणं.

आता यातली मेख पाहा. हा नियम फक्त उत्पादन करणाऱ्या कारखान्यांना लागू होता. रसायन बनवणाऱ्याला कागद मिळाला. तेच रसायन घेऊन इमारती धुणारा, ट्रक धुणारा, फरशा घासणारा माणूस बाहेर राहिला. बनवणाऱ्याच्या अंगावर बंद पाइप आणि वायुवीजन, धुणाऱ्याच्या अंगावर शर्ट. तरी संरक्षण आधी पहिल्याला. पोलाद कामगारांची संघटना न्यायालयात गेली. फिलाडेल्फिया इथल्याच अपील न्यायालयानं १९८५ मध्ये सरकारला खडसावलं, की बाकीच्या कामगारांना वगळण्याचं कारण सांगा, नाहीतर त्यांनाही लागू करा. 'व्यापारी गुपित' या सबबीची व्याख्या फार सैल आहे, असंही त्या न्यायालयानं म्हटलं. शेवटी १९८७ मध्ये नियम सगळ्यांना लागू झाला, आणि प्रेशरची गन हातात धरणाऱ्याला तिथे कागद मिळाला.

या दोन सालांच्या मध्ये भोपाळ आहे.

२ डिसेंबर १९८४ ची रात्र आणि ३ तारखेची पहाट. मिथाइल आयसोसायनेटची टाकी, तिच्यात शिरलेलं पाणी, आणि चाळीस टनांच्या आसपास वायू झोपलेल्या शहरावर. ही हकिगत मी पुन्हा सांगत नाही, ती आपल्याला माहीत आहे. मला सांगायची आहे ती कागदाची बाजू. हा पदार्थ किती विषारी आहे याची नोंद कंपनीच्या स्वतःच्या पुस्तिकांमध्ये होती. कारखान्यातली माहिती बहुतांशी इंग्रजीत, आणि कामगारांपैकी कितीतरी जणांना इंग्रजी बेताचं. भिंतीपलीकडच्या वस्तीला तर कोणत्याच भाषेत काही सांगितलेलं नव्हतं. हा वायू पाण्याशी संयोग पावतो. ओलं फडकं नाकातोंडावर धरा आणि धावू नका, एवढं एक वाक्य लोकांना आधी माहीत असतं, तर बरेच जण वाचले असते, असं नंतर अनेक जाणकारांनी म्हटलं. लोक धावले. धावताना श्वास खोल जातो. हमीदिया रुग्णालयातल्या डॉक्टरांसमोर हजारो रुग्ण होते आणि उपचार कशावर करायचा हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. सोडियम थायोसल्फेट द्यावं की देऊ नये यावर पुढे कितीतरी दिवस वाद चालला.

मला नोकरीला लागून तेव्हा पाचएक वर्षं झाली होती. ठाणे-बेलापूर पट्ट्यातला कारखाना. बातमी आली त्या दिवशी पहिल्या पाळीचे कामगार काम सुरू करायच्या आधी आमच्या खोलीपुढे उभे राहिले. आरडाओरडा नाही, घोषणा नाही. त्यांच्यातल्या एका वयस्कर फिटरनं विचारलं, "साहेब, आपल्या टाक्यांत काय आहे?" मी तोंडी सांगितलं. तो म्हणाला, "लिहून द्या." फाइल मोठ्या साहेबांच्या कपाटात होती, कपाटाला कुलूप होतं आणि साहेब दौऱ्यावर. संध्याकाळपर्यंत मी आणि एका क्लार्कनं मिळून आठवेल ते मराठीत लिहून काढलं आणि फळ्यावर लावलं. त्यात दोन चुका होत्या, त्या मला नंतर कळल्या. तो फळा आठवला की आजही कानकोंडं होतं.

भोपाळनंतर आपल्याकडे कायदे झपाट्यानं आले. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८७ ची कारखाने अधिनियमातली दुरुस्ती, जिच्यात घातक प्रक्रियांची माहिती कामगारांना आणि आसपासच्या वस्तीला देणं बंधनकारक झालं. आणि १९८९ चे घातक रसायनांचे नियम. त्यातल्या सतराव्या नियमानं माहितीपत्रक सक्तीचं केलं, नवव्या अनुसूचीत त्याचा नमुना दिला आणि प्रत्येक डब्यावर आतल्या मालाचं नाव, बनवणाऱ्याचा पत्ता व त्याचे गुणदोष हवेत असं म्हटलं. तो राजपत्राचा अंक हातात आला, त्या आठवड्यात आम्ही पुरवठादारांना चाळीसेक पत्रं पाठवली. उत्तरं आली ती वाचण्यासारखी होती. कुणी परदेशी पत्रकाची झेरॉक्स पाठवली, तिच्यावर आणीबाणीच्या वेळी फोन करायचा नंबर जर्मनीतला. कुणी लिहिलं, आमचा माल उत्तम आहे, आजवर तक्रार नाही.

त्या वेळी मला वाटलं होतं, की काम झालं. १९९४ साली कळलं, की झालेलं नाही.

आमच्या कंपनीचं कार्यालय दक्षिण मुंबईत एका जुन्या दगडी इमारतीत होतं. पावसाळ्यानंतर दर्शनी भागावरची काजळी धुऊन काढायचं काम एका कंत्राटदाराला दिलं. परांची बांधली, प्रेशर पंप आले. मराठवाड्यातून आलेला एक विशीतला मुलगा पिंपातलं पाणी दगडावर लावायचा आणि मागून दुसरा फवारा मारायचा. त्याच्या हातमोज्याला भोक होतं. दिवसभर काही झालं नाही. संध्याकाळी बोटं ठणकायला लागली. रात्री तो लोळायला लागला. सोबत्यांनी त्याला दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी बोटं पाहिली, कातडीवर खूण नाही, फोड नाही. वेदनाशामक गोळी देऊन घरी पाठवलं. सकाळी बोटांची टोकं राखी पांढरी पडली होती, तेव्हा कंत्राटदारानं मला फोन केला.

पिंपावर फक्त 'स्टोन क्लीनर' लिहिलेलं. पावती मस्जिद बंदरच्या एका व्यापाऱ्याची. तो म्हणाला, "ॲसिडच आहे साहेब, साधं." कोणतं, ते त्यालाही माहीत नव्हतं, कारण तो भिवंडीहून कॅन आणून पिंपात भरत होता. दुपारी एका निवृत्त केमिस्टला मी लक्षणं सांगितली. काच कोरण्याच्या कारखान्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. ते फोनवरच ओरडले, "अहो, हे हायड्रोफ्लोरिक आहे. कॅल्शियम द्या त्याला, कॅल्शियम!"

हे ॲसिड इतरांसारखं नाही. मीठाचं किंवा गंधकाचं ॲसिड अंगावर पडलं की आग होते, माणूस हात झटकतो, पाण्याखाली धरतो. हायड्रोफ्लोरिक पातळ असेल तर तसं काहीच जाणवत नाही. वीस टक्क्यांहून पातळ द्रावणाची इजा कधीकधी चोवीस तासांनी कळते. तोवर त्यातलं फ्लोराइड कातडीतून आत उतरतं आणि शरीरातल्या कॅल्शियमला बांधून टाकतं. पेशी मरतात, हाडापर्यंत पोहोचतं, प्रमाण जास्त असेल तर रक्तातलं कॅल्शियम घसरून हृदयाची लय बिघडते. शीलनं १७७१ मध्ये या ॲसिडाचा शोध लावला, आणि त्यातून फ्लोरीन वेगळा काढण्याच्या खटपटीत पुढच्या शतकात कितीतरी रसायनशास्त्रज्ञ जायबंदी झाले, काही दगावले. १८८६ साली मोआसानं ते साधलं, त्याबद्दल त्याला नोबेलही मिळालं. म्हणजे या पदार्थाचा स्वभाव शास्त्राला नवा नव्हता. उपायही साधा आहे: भरपूर पाणी, आणि मग कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम किंवा इंजेक्शन, शक्य तितक्या लवकर.

त्या मुलाला ते इंजेक्शन सुमारे तेवीस तासांनी मिळालं. जीव वाचला. दोन बोटांची पेरं गेली. पिंपावर प्रथमोपचाराच्या तीन ओळी असत्या, तर पहिल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही योग्य तेच केलं असतं, त्यांचा दोष मी मानत नाही. कंत्राटदारानं पैसे दिले, मुलगा गावी गेला. मी त्याला नंतर दोनदा पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही.

हे फक्त आपल्याकडे घडतं असं कुणी समजू नये. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात २००१ ते २०१३ या काळातल्या कामगार भरपाईच्या नोंदी तपासल्या, तेव्हा गाड्या आणि ट्रक धुताना हायड्रोफ्लोरिकनं भाजल्याच्या ४८ घटना निघाल्या. सात जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं होतं. जिथे नियम सगळ्यांना लागू होऊन पंचवीस वर्षं झाली, तिथलं हे चित्र. कागद होता, तरी.

कागदाचंही पुढे बरंच काही झालं. रिओच्या १९९२ च्या परिषदेत ठरलं, की जगभर एकच पद्धत हवी. २००२ मध्ये तिला रूप आलं. लाल चौकटीतली नऊ चित्रं, आणि माहितीपत्रकात ठरलेल्या क्रमानं सोळा भाग. जुन्या क्रमात घटक आधी आणि धोके नंतर असत. नव्यात धोके दुसऱ्या क्रमांकावर आले, घटक तिसऱ्यावर, प्रथमोपचार चौथ्यावर. ज्यानं हा क्रम बदलला, त्यानं कधीतरी घाबरलेल्या माणसाला पानं उलटताना पाहिलं असलं पाहिजे. दहावा भागही धुणाऱ्यांच्या कामाचा: कशाबरोबर काय मिसळू नये. ब्लीच आणि ॲसिड एका बादलीत आले की क्लोरीन वायू सुटतो, शीलनं बाटलीत पकडला तोच. दोन्ही डबे आपापल्या जागी निर्धोक वाटतात, आणि फरशी जास्त पांढरी व्हावी म्हणून आपल्या घरांतही लोक ते एकत्र करतात.

पण कागद कुणाला द्यायचा, हा प्रश्न आपल्याकडे तसाच राहिला. १९४८ च्या कारखाने अधिनियमात उत्पादन प्रक्रियेची जी व्याख्या होती, तिच्यात 'धुणं' आणि 'साफ करणं' हे शब्द चक्क होते. हे भाषण तयार करताना मी ती व्याख्या पुन्हा काढून वाचली. म्हणजे धुणाऱ्यांना कायद्यानं वगळलं नव्हतं, त्यांना वगळलं ते डोकी मोजण्यानं. विजेवर चालणारं काम असेल तर दहा माणसं हवीत, तरच तो कारखाना. नव्या व्यवसाय सुरक्षा संहितेनं तो आकडा वीसवर नेला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली. आमच्या कोपऱ्यावरच्या सेंटरमध्ये माणसं आहेत तीन, मालक धरून.

आणि कागद हरवला की काय होतं, तेही मुंबईनं पाहिलं आहे. १४ जुलै २०१० रोजी शिवडीच्या हाजी बंदरात, गोदीच्या आवारात बेवारस पडलेल्या जुन्या सिलिंडरांपैकी एकातून क्लोरीन गळला आणि शंभराहून अधिक लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. ते सिलिंडर १९९७ पासून तिथे पडून होते. कुणी मागवले, न्यायला कुणी का आलं नाही, या प्रश्नांचे कागद कुठल्या तरी फायलीत असतील. सिलिंडर मात्र पावसात गंजत होते.

तर त्या निळ्या कॅनकडे परत येतो. मालकाला मी म्हटलं, पुरवठादाराकडून माहितीपत्रक मागवा. तो भला माणूस, नाही म्हणाला नाही, पण महिना लागला. शेवटी मोबाइलवर नऊ पानं आली, सगळी इंग्रजी. तिसऱ्या भागात घटकांपुढे एके ठिकाणी 'गुपित' आणि दुसऱ्या ठिकाणी अमोनियम बायफ्लोराइड. हा पदार्थ पाण्यात विरघळला की हायड्रोफ्लोरिकच तयार होतं. मी तिथेच रॅम्पच्या कडेवर बसलो. चौकातल्या औषधाच्या दुकानात कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम नव्हतं, मागवावं लागलं. ते आता पंपाच्या शेजारी प्लास्टिकच्या डब्यात आहे, कोपरापर्यंतचे हातमोजे आणि चष्मे आहेत. लिक्विड बदला म्हणून मालकाच्या मागे लागलो आहे, तो म्हणतो, ट्रकवाले चमक मागतात.

एका पत्र्यावर ऑइल पेंटनं पाच ओळी लिहिल्या. हातमोज्याशिवाय कॅनला हात लावू नका. दुसरं काही यात मिसळू नका. अंगावर उडालं, तर दुखत नसलं तरी पाण्याखाली धरा. मलम चोळा. डॉक्टरकडे जाताना हा कागद न्या. पत्रा टाकीवर टांगला. गन चालवणाऱ्या पोरानं तो मोठ्यानं वाचला, मान डोलावली आणि म्हणाला, "काका, बरोबर आहे. पण लिक्विड मी नाही मारत, तो मारतो. तो बिहारचा आहे, त्याला मराठी नाही येत वाचायला."

दुसरा पत्रा हिंदीत रंगवायला दिला आहे.